बोनस, बँक आणि गुरुवारची सुट्टी

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नऊ कामगार. माल आणि मशीन नवरा बघतो. बिलं, पगार, बँक माझ्याकडे. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस असे, की बँक उघडी तेव्हा आम्ही बंद आणि आम्ही चालू तेव्हा बँक बंद. हे माहीत असूनही २०२४च्या दिवाळीत मी चुकले.

तामिळनाडूतल्या होसूरच्या एका ग्राहकाकडून मोठी रक्कम यायची होती. बोनस त्यातूनच द्यायचा होता. पत्र्याच्या खरेदीत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त उचलायच्या सोयीची, मर्यादा संपत आली होती, त्यामुळे दुसरीकडून उचलायला वाव नव्हता. चेक कुरिअरने बुधवारी, ३० ऑक्टोबरला संध्याकाळी हातात पडला. गुरुवारी वर्कशॉप बंद, घरात फराळाची गडबड. दुपारी उशिरा बँकेत पोचले. काउंटरवरच्या मुलीने चेक घेतला आणि म्हणाली, "मॅडम, आजचं क्लिअरिंग गेलं. आता सोमवारी जाईल." मी कॅलेंडरकडे बघितलं. १ नोव्हेंबर शुक्रवार, लक्ष्मीपूजन. २ तारखेला शनिवारी बलिप्रतिपदा. ३ला रविवार. चेक ४ तारखेला जाणार, पैसे ५ला मिळणार.

कामगारांपैकी पाच जण बिहारचे. त्यांची गाडी २ तारखेची होती, आणि ५ नोव्हेंबरला त्यांच्या घरी नहाय-खाय, म्हणजे छठपूजेचा पहिला दिवस. बोनस शुक्रवारी देते म्हणून मी शब्द दिला होता. शेजारच्या वर्कशॉपवाल्या काकांकडून आणि घरातल्या पैशांतून निम्मी रक्कम उभी केली. आमचा सगळ्यात जुना वेल्डर पाकीट हातात धरून एवढंच म्हणाला, "भाभी, घर पे बोल चुका हूँ." तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. उरलेले पैसे ५ तारखेला त्याच्या खात्यावर गेले, पण मुलांचे कपडे आणि घरचा बाजार तोवर उधारीवर झाला होता.

त्या डिसेंबरात मी एक वही घेतली आणि वर्षाच्या सुट्ट्या लिहायला बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा लाल आकडा म्हणजे सुट्टी, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. लिहायला लागल्यावर कळलं की याद्या वेगवेगळ्या आहेत. बँकेला लागू होणाऱ्या सुट्ट्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली (चेक, हुंडी यांचा कायदा) राज्य सरकार जाहीर करतं, म्हणून त्या राज्याराज्यांत बदलतात. दुसरा आणि चौथा शनिवार २०१५च्या सप्टेंबरपासून बंद. पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा चालू. राज्य सरकारच्या कार्यालयांना मात्र २९ फेब्रुवारी २०२० पासून सगळेच शनिवार सुट्टी. भाऊबीज सरकारी कार्यालयांना मिळते, बँकेला नाही. १ एप्रिल बँकेच्या वार्षिक हिशेबाचा.

वहीत चार रकाने केले: आमची सुट्टी, आमची बँक, सरकारी कार्यालय, आणि ग्राहकाचं गाव. चौथ्या रकान्याने माझे डोळे उघडले. २०२५ची दिवाळी त्यात मांडली तेव्हा दिसलं, की तामिळनाडूत दीपावली सोमवारी २० ऑक्टोबरला, आपल्याकडे त्या दिवशी नरकचतुर्दशी असूनही बँक उघडी. आणि आपली बँक २१, २२ला बंद. मधे रविवार १९चा. शनिवारपर्यंत तिकडून पैसे निघाले नाहीत, तर इकडे हातात यायला पुढचा गुरुवार उजाडेल.

मला कोणी विचारतं, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवायची एनईएफटी तर डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, मोठ्या रकमांची आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून, मग सुट्टीची एवढी काळजी कशाला? पण समोरच्या कंपनीत पेमेंट एक जण भरतो आणि दुसरा मंजूर करतो. तो दुसरा माणूस दीपावलीला गावी गेला की चोवीस तासांची सोय तशीच पडून राहते. शिवाय आमच्या निम्म्या कामगारांना बोनस रोख हवा असतो, कारण प्रवासात आणि गावच्या बाजारात तोच उपयोगी पडतो. रोख रक्कम, ओव्हरड्राफ्ट वाढवणं, डीडी, लॉकर, यांना शाखेचं दारच उघडं लागतं.

वर्षभरात वही कामाला आली. मार्चअखेर ३० तारखेला रविवारी पाडवा, ३१ला रमजान ईद, १ एप्रिलला बँक बंद. मी सगळी वसुली २९ मार्चपर्यंत ओढली, तो पाचवा शनिवार होता. एप्रिलमध्ये १० ते १४ या पाच दिवसांत बँक फक्त शुक्रवारी उघडी मिळाली. चंद्रदर्शनावरच्या सुट्ट्या मी पेन्सिलने लिहिते, आणि सप्टेंबरात त्याचा उपयोग झाला: ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ तारखेची ८ला नेली, कारण ६ला अनंत चतुर्दशी होती. पुण्यात ती ५लाच राहिली. अंधेरीच्या ग्राहकाकडून सोमवारी येणारं पेमेंट मी आधीच सांगून गुरुवारी करून घेतलं.

दिवाळीसाठी मात्र मी वहीची सुरुवातच बदलली. आधी कामगारांना विचारलं, तिकीट कुठल्या तारखेचं? १६ ऑक्टोबर, गुरुवार. तिथून उलटं मोजलं. बोनस बुधवारी १५ला. रोख १३ला काढायची, कारण ११ला दुसरा शनिवार आणि १२ला रविवार. म्हणजे ग्राहकाचे पैसे शुक्रवारी १० तारखेला खात्यात हवेत. ऑगस्टमध्येच होसूरच्या हिशेबनीसांना फोन केला, बिलाची तारीख दहा दिवस अलीकडे आणली, आणि चेक नको, थेट खात्यावरच द्या म्हणून विनंती केली. ४ ऑक्टोबरपासून चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत सुरू झाली होती. चांगलीच गोष्ट आहे, पण पहिल्याच आठवड्यांत नऊ घरांचा बोनस तिच्यावर ठेवायची माझी तयारी नव्हती. पैसे ९ तारखेला आले.

बुधवारी दुपारी पाकिटं वाटली. वेल्डरने माझ्यासमोर नोटा मोजल्या नाहीत, पाकीट खिशात ठेवलं आणि भावाला फोन लावला.

२०२६चं पान लिहून झालंय. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तोच रविवार आहे. सोमवारी बँक चालू, मंगळवारी बलिप्रतिपदेला बंद. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकिटं सप्टेंबरात निघतील. कामगारांच्या तिकिटांच्या तारखांचा रकाना तोवर कोरा ठेवलाय.