धोका होता पाच लिटरच्या कॅनमध्ये

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंग कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. माल आधी गंज काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, म्हणजे पिकलिंगला जातो, मग सोडियम सायनाइडच्या टाकीत झिंक चढतं, शेवटी क्रोमेटचं पॅसिव्हेशन, म्हणजे गंजरोधक थर. म्हणजे ॲसिड आणि सायनाइड एकाच शेडमध्ये. दोन्ही एकत्र आली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो काही मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकतो. ग्राहक कंपनीचं ऑडिट ठरलं, तेव्हा रसायनांची व्यवस्था लावायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं.

पुरवठादारांकडून प्रत्येक रसायनाची एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक, मागवली. तिचे १६ भाग असतात. कामावर पदोपदी लागतात ते प्रथमोपचार, सांडल्यास काय करायचं, साठवण, हातमोजे-मास्क आणि कशाशी संयोग टाळायचा एवढेच. आगीचा भाग मात्र वाचला हे बरं झालं. सायनाइडजवळची आग विझवायला कार्बन डायऑक्साइड वापरू नका, असं त्यात स्पष्ट होतं आणि आमच्या सायनाइडच्या खोलीबाहेर नेमका तोच सिलिंडर टांगलेला. तो त्याच दिवशी तिथून हलवला.

पण खरी कसोटी पुढे होती. मोठ्या ड्रमवर पुरवठादाराचं लेबल असतंच. टाकीत मात्र रसायन जातं ते पाच लिटरच्या कॅनमधून, आणि त्यातले बरेचसे तेलाचे रिकामे कॅन. कशावरच काही लिहिलेलं नाही. आमच्याकडे जुने प्लेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी विचारलं, "मामा, ह्यात काय आहे?" ते म्हणाले, "वास घेऊन बघा ना ताई, लगेच कळेल." त्यांचा हात इतका बसलेला की त्यांना स्वतःला कधी अडलं नाही. पण सायनाइड वायूचा कडू बदामासारखा वास कित्येकांना येतच नाही, आणि काल लागलेल्या हेल्परनं काय करायचं? मामांना हे पटलं, आणि त्यानंतर नव्या पोरांना तेच समजावू लागले.

तेलाचे कॅन आणि पाण्याच्या बाटल्या बंद केल्या. प्रत्येक कॅनवर रसायनाचं नाव, लाल चौकटीतलं धोक्याचं चित्र आणि "ह्यात काय मिसळायचं नाही" ही ओळ, मराठीत आणि हिंदीतही, कारण निम्मे हेल्पर बिहार-उत्तर प्रदेशातले. लेबल नसलेला कॅन कुणी उचलायचा नाही. माझ्या मते सगळ्या फायलींपेक्षा ह्या एका ओळीचा उपयोग जास्त.

मग ॲसिडची खोली वेगळी केली, सायनाइड कुलपात गेलं. तेवढ्यावर मन भरेना म्हणून मी पाणी ओतून फरशीचा उतार पाहिला. दोन्ही बाजूंचं पाणी एकाच गटारात जात होतं! वर भिंत घालून खाली सगळं एकत्र येणार असेल, तर काय उपयोग? साहेबांना तिथंच उभं करून दाखवलं. आता सायनाइडचं पाणी वेगळ्या पाइपनं ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथे अल्कधर्मीपणा वाढवून हायपोक्लोराइटनं त्याचं विघटन करतात. क्रोमेटच्या पाण्याची रीत नेमकी उलटी, ते आधी आम्लधर्मी करावं लागतं. म्हणून त्याचीही लाइन वेगळी.

ईटीपीच्या गाळाचं काम मुख्यतः कागदांचं. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पिंपांवर पिवळं लेबल, त्यावर लाल अक्षरात घातक कचऱ्याची सूचना, गाडीसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, आणि माल रांजणगावच्या प्रक्रिया केंद्राकडे. वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायचं.

ऑडिटवाल्यांनी विचारलंही नव्हतं, तरी एक काम मी केलं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन सायनाइडच्या विषबाधेवरचं औषध आहे का, ते विचारलं आणि एसडीएसची प्रत तिथल्या अपघात विभागात दिली. डॉक्टरांनी सांगितलं, पेशंट पाठवताना आधी फोन करा आणि कोणतं रसायन ते पहिल्या वाक्यात सांगा. तो नंबर आता सायनाइडच्या दारावर रसायनाच्या नावासकट मोठ्या अक्षरात लावला आहे, आणि रात्रपाळीच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्येही.