मार्सेलिस: एक धक्का, एक बेट आणि गोव्याहून आलेला गेंडा

नाशिकच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली माझी आत्या माझ्याकडे फ्रान्समधल्या ल्योंला महिनाभर राहायला आली, तेव्हा तिच्या यादीत पॅरिस दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिलं मार्सेलिस. "आयफेल टॉवर कॅलेंडरवर पण दिसतो रे. मला सावरकरांचा तो धक्का बघायचाय." इथे लोक 'मार्सेय' म्हणतात, हे मी तिला सांगून पाहिलं. पण तीस वर्षं फळ्यावर जे लिहिलं ते बदलायला ती तयार नव्हती, म्हणून या लेखातही मार्सेलिसच.

ल्योंहून वेगवान रेल्वेने पावणेदोन तास लागतात, पॅरिसहून सव्वातीनच्या आसपास. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, आणि आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे होतील. सँ-शार्ल स्टेशन टेकाडावर आहे. समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना उतरतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या पहुडलेल्या दगडी बायका आहेत. एक 'आशियातल्या वसाहती', दुसरी 'आफ्रिकेतल्या वसाहती'. १९२०च्या दशकात फ्रान्सला आपलं साम्राज्य असं दिसत होतं. आत्याने चष्मा पुसून दोघींकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चांगल्या खात्यापित्या घरच्या दाखवल्यात." गुडघे कुरकुरत असतील तर जिन्याच्या नादी लागू नका. स्टेशनातूनच मेट्रोची १ नंबरची लाइन दोन थांब्यांत जुन्या बंदरावर सोडते.

हे जुनं बंदर म्हणजे शहराचं अंगण. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोसियाहून आलेल्या ग्रीक दर्यावर्द्यांनी इथे वस्ती केली, तेव्हापासून ते वापरात आहे. सकाळी धक्क्यावर कोळी आपली मासळी मांडून बसतात. जवळच वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ मध्ये उभारलेलं आरशाचं छप्पर आहे. त्याखाली उभं राहून वर पाहिलं की सगळी गर्दी, आपण धरून, डोकं खाली पाय वर चाललेली दिसते. लवकर जा, दुपारपर्यंत मासळी आणि मजा दोन्ही संपतात.

आमचा बेत पहिल्याच दिवशी शातो दीफला, म्हणजे समोरच्या बेटावरच्या किल्ल्याला जायचा होता. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि तिकीट खिडकीवर पाटी: किल्ल्यावर उतरणं बंद. कारण मिस्त्राल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे सुटणारा हा कोरडा, थंड वारा ढग पार हाकलून देतो, त्यामुळे आपल्यासारख्यांची फसगत होते. आपल्याकडे खराब हवा म्हणजे काळं आभाळ, इथे ती निळीशार असते. त्या छोट्या बेटाच्या धक्क्याला लाटांत बोट लावता येत नाही. म्हणून हा सल्ला आधीच देतो: किमान दोन दिवस हाताशी ठेवा आणि ज्या दिवशी वारा पडलेला असेल त्या दिवशी आधी बेट गाठा. शहर कुठे पळून जात नाही.

त्या दिवशी मग आत्याचा धक्का. १९१० साली वाफेच्या मोठ्या बोटी जुन्या बंदरात येत नसत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकात उत्तरेला जोलिएतच्या बाजूने नव्या गोद्या बांधल्या होत्या. मेट्रोची २ नंबरची लाइन जोलिएतला जाते. धक्क्याचा बहुतेक भाग कुंपणाआड आहे, कारण कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या फेरीबोटी आजही तिथूनच सुटतात. पण तेरास द्यु पोर नावाच्या मॉलच्या मागच्या लांबलचक गच्चीतून सगळं बंदर दिसतं, तेही फुकट. कपड्यांची दुकानं ओलांडत मॉलमधून तिथे पोचणं आत्याला जरा अपमानास्पद वाटलं, पण दृश्य पाहून गप्प झाली.

अटकेतल्या सावरकरांना इंग्लंडहून हिंदुस्थानात नेणारी 'मोरिया' बोट ७ जुलै १९१०ला संध्याकाळी मार्सेलिसला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकरांनी शौचालयाच्या खिडकीतून पाण्यात उडी घेतली, धक्का गाठला आणि पळाले. पाठलाग झाला, एका फ्रेंच जांदार्मने, म्हणजे पोलिसाने, पकडलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन दिलं. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना समुद्र जरा जास्तच रुंद होतो. बोट बंदरातच होती, पोहण्याचं अंतर फार नव्हतं. मी हे म्हटल्यावर आत्या रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "अंतराचं काय घेऊन बसलास? वर्गात मी पुढचं शिकवायचे." पुढचं म्हणजे खटला. फ्रान्सच्या भूमीवरून माणूस असा परत नेता येतो का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल लागला: अटक करून परत देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन नाही. चूक मान्य, भरपाई नाही. हा निकाल पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गांत शिकवला गेला, पण त्या गच्चीवर मला तरी त्याची पाटी दिसली नाही. एखादी खूण सापडेल या आशेने जाऊ नका. अर्धा तास उभं राहून पाणी बघायचं, इतकंच.

परतताना जुन्या ल पानिए वस्तीतून चालत या. चढउतार आहेत, पण गल्ल्या सावलीच्या आहेत आणि वेय शारिते हे सतराव्या शतकातलं अनाथ-गरिबांचं आश्रयस्थान आतल्या कमानींसाठी बघावंच. टेकडीच्या खालची, बंदराकडची घरं मात्र नवी दिसतात. जानेवारी १९४३ मध्ये रहिवाशांना हुसकून जर्मनांनी फेब्रुवारीत तिथल्या सुमारे १,५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. ते कळल्यावर त्या सरळसोट इमारतींकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. बोट जुन्या बंदरातूनच सुटते, वीसेक मिनिटांत बेटावर. बोटीचं तिकीट आणि किल्ल्याचं प्रवेशशुल्क वेगवेगळं आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर किल्ल्याची साप्ताहिक सुट्टी आधी तपासा. बोटीचं तिकीट काढताना इफ आणि पुढची फ्रिऊल बेटं, दोन्ही एकत्र घ्या. नुसता इफ तासाभरात संपतो.

किल्ला तसा ठेंगणा, तीन बुरुजांचा, पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५२४ नंतर बांधवून घेतलेला. लढाईपेक्षा तुरुंग म्हणूनच जास्त वापरला गेला. तळमजल्यावर अंधाऱ्या कोठड्या, वर खिडकी आणि शेकोटी असलेल्या खोल्या. पैसे मोजणाऱ्या कैद्याला वरची खोली मिळायची. व्हीआयपी वागणूक काही आजची नाही. बहुतेक पर्यटक येतात ते द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीसाठी. त्यातल्या कल्पित कैद्याची कोठडीसुद्धा भिंतीला भोक पाडून हजर केली आहे.

मला मात्र तिथे दुसराच कैदी बघायचा होता. १५१४ मध्ये गुजरातच्या मुजफ्फरशाहाने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला आलेल्या, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या वकिलांची त्यावर बोळवण झाली. अल्बुकर्कने तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. युरोपात तेव्हा कित्येक शतकांत जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. पोर्तुगालचा राजा मॅन्युएलने तो पुढे पोपला नजराणा म्हणून रवाना केला. १५१६च्या सुरुवातीला जहाज मार्सेलिससमोर थांबलं, गेंड्याला बेटावर उतरवलं आणि फ्रान्स्वा राजा मुद्दाम त्याला बघायला आला. तेव्हाच या खडकाचं मोक्याचं स्थान राजाच्या नजरेत भरलं, असं सांगतात. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडालं आणि बेड्या घातलेला गेंडाही त्यासोबत गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून, स्वतः न पाहता, काढलेलं त्याचं चिलखती चित्र तेवढं उरलं.

किल्ल्याच्या गच्चीवर हे सगळं आत्याला सांगितलं. ती बराच वेळ शहराकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडून बेड्या घालून इथे आणलेला पहिला तो." मला उत्तर सुचलं नाही.

तिथून पुढची बोट धरून फ्रिऊल. रातोनो आणि पोमेग ही दोन बेटं एकोणिसाव्या शतकात बांध घालून जोडली आहेत. पांढरा चुनखडक, झाड जवळपास नाहीच. टोपी, बूट आणि माणशी दीड लिटर पाणी न्याच. बंदराजवळ थोडी हॉटेलं आहेत, पुढे काही मिळत नाही. वसंतात सीगल पिल्लांवरून अंगावर येतात, त्यांच्या घरट्यांपासून लांब राहा. रातोनोवर कॅरोलिन हॉस्पिटलचे अवशेष आहेत, १८२०च्या दशकात साथीच्या रोगांच्या विलगीकरणासाठी बांधलेले. मार्सेलिसला ही धास्ती का, ते १७२० सांगतं. ग्राँ-सँ-आंत्वान जहाजावरचं कापड नियम वाकवून आधीच शहरात गेलं, त्याबरोबर प्लेग गेला आणि निम्म्याच्या आसपास शहर दगावलं. पोहायला सँतेस्तेवचा लहानसा किनारा उत्तम, पाणी ऑक्टोबरातही सोसवतं. परतीची शेवटची बोट कधी, हे उतरल्याबरोबर विचारून ठेवा.

खाण्याचं: बुयाबेस हा माशांचा रस्सा मी एकदा खाल्ला. आधी नुसता रस्सा, लसणाच्या लाल चटणीचे टोस्ट, मग मासे. खरा असेल तर महाग असतो, स्वस्त असेल तर खरा नसतो. आत्या शाकाहारी. तिला पानीस सापडलं, म्हणजे चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, कापून तळलेल्या वड्या. तिने तीन दिवस तेच खाल्लं, फक्त "मोहरी-हिंग विसरलेत" अशी तक्रार होती. नोआयच्या बाजारात जिरं, धणे, हरिसा (मिरचीची चटणी), डाळी सगळं मिळतं. तिथे गर्दीत पाकीट मात्र पुढच्या खिशात.

टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला ६० नंबरची बस जाते, चालत जायचा हट्ट करू नका. आत छताला छोट्या छोट्या नावा टांगल्या आहेत, समुद्रातून वाचलेल्यांनी वाहिलेल्या.

उतरताना सँ-व्हिक्तोर मठाजवळच्या भट्टीतून नावेच्या आकाराची 'नाव्हेत' नावाची बिस्किटं घ्या, संत्र्याच्या फुलांच्या वासाची. खूप दिवस टिकतात. आत्याने नाशिकला चार पुडे नेले. दाताने फुटत नाहीत म्हणून चहात बुडवून खाल्ली जातात, अशी परवा फोनवर बातमी आली.