आलुबुखाराच्या मुळाशी

जूनमध्ये दादर स्टेशनाबाहेरच्या हातगाड्यांवर हिमाचलातले प्लम दिसू लागले की मी पाव किलो घेतोच. अंगठ्याने पुसली जाणारी पांढरट भुकटी, तिच्याखालची काळसर लाल साल आणि बियेलगतचा आंबट गर यांसाठी. आजी या फळाला आलुबुखार म्हणे. फारसीत ‘आलू’ म्हणजे हेच फळ. जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, आणि सप्ताळूही त्याच घरातला.

युरोपीय प्लमच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात. बाल्कनपासून पश्चिम आशियापर्यंत रानात वाढणाऱ्या चेरी प्लममध्ये ती १६, तर स्लो नावाच्या काटेरी झुडपात ३२ असतात. दोघांचा संकर झाला तर निम्मी निम्मी मिळून २४ होतात आणि ती दुप्पट झाली की ४८. सोव्हिएत संशोधक रिबिन यांनी १९३०च्या दशकात या दोघांच्या संकरातून तशी रोपे मिळवली, आणि बागेतल्या प्लमची वंशावळ याच हिशेबाने मांडली जाऊ लागली. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतही चेरी प्लमचा वाटा दिसतो. मी घेतो तो प्लम मात्र या वंशावळीत बसत नाही. हिमाचलात बरीच लागवड आहे ती कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक यांनी तयार करून १९०६ साली आणलेल्या ‘सांता रोझा’ची, आणि तिचे मूळ पूर्व आशियाई प्लममध्ये आहे.

चेरी प्लमचे दुसरे नाते मला अधिक जवळचे वाटते. युरोपात प्लमची कलमे बांधण्यासाठी खुंट म्हणून तिची रोपे वापरतात, कारण ओल्या, जड जमिनीतही ती तग धरतात. या खुंटाला तिकडे मायरोबलन म्हणतात, आणि मायरोबलन हे मुळात आपल्या हिरड्याचे नाव; चामडे कमावण्यासाठी मुंबई बंदरातून परदेशी जाणारा तोच हिरडा.

आपल्याकडे रायवळाच्या कोयीतून आलेल्या रोपावर हापूस बांधतात, तोच हा प्रकार. राजापूरकडच्या आमच्या परड्यातले एक हापूस कलम उन्हाळ्यात वरून वाळले. सांध्याखालून फुटवे आले, ते वेळीच काढायचे असतात हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही, आणि काही वर्षांनी झाड भरून आंबे लागले, तेव्हा पहिलाच कापल्यावर सुरी रेषांत अडकली. काका अजूनही त्या झाडाला हापूसच म्हणतात आणि त्याच्या कैऱ्या लोणच्याला काढतात.