शेवेचं पाकीट

इंदूरच्या मराठी घरातून हिमालयात निघालेली सॅक ओळखायला उघडावी लागत नाही. नुसती हलवली तरी कळतं, आत शेव वाजते. ‘तिकडे काय मिळेल, न मिळेल’ म्हणत आईने किलोभर लवंग शेव आणि जीरावनाची (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची) पुडी कोंबलेली असते. मालवा एक्स्प्रेस अंबाल्याला पोचेपर्यंत निम्मी शेव संपते, हे सॅकच्या वजनाला बरंच.

खरी गंमत उरलेल्या पाकिटाची. इंदूर साडेपाचशे मीटरवर, मनाली 2,050 मीटरवर. बाहेरचा दाब घटतो, आत कोंडलेली हवा मात्र इंदूरचीच, म्हणून पाकीट टम्म फुगतं. मनालीजवळचं भृगू तळं 4,200 मीटरच्या वर आहे. तिथे दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो. कच्च्या शिवणीचं पाकीट फुटतं आणि चुरा स्लीपिंग बॅगेत शिरतो. त्यावर झोपून बघावं! घरीच टाचणीने भोक पाडून हवा दाबून काढावी, वर चिकटपट्टी लावावी.

छातीत जाणारी हवाही तितकीच विरळ, हे मात्र पाकिटासारखं दिसत नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा फार तर पाचशे मीटर उंच. डोकं ठणकतंय, जेवण नको वाटतंय, तर वर चढायचं नाही. वाढलं तर सरळ खाली.

बारा किलोंच्या वर सॅक नको, साठ किलोंच्या माणसाला तेवढीच झेपते. स्लीपिंग बॅग तळाशी, जड शिधा पाठीला चिकटून मध्यभागी. जड सामान तळाला किंवा बाहेरच्या खिशात गेलं की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळायचा (पोटावर नव्हे), मग खांद्याचे. सराव इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर करावा. 854 मीटरवर दम नाही कळत, पण पट्टे कळतात.

आता स्वयंपाक. चार हजार मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ तासभर खदखदली तरी दाण्यासारखी राहते, गॅस मात्र संपतो. तो सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही, मनालीत घ्यावा लागतो. घेताना नुसतं ब्युटेन नको, शून्याखाली ते वायू व्हायलाच तयार नसतं.

इथे पोहे जिंकतात. त्यांना उकळीची गरजच नाही. पोहे घरीच मंद आचेवर कोरडे भाजून, मोहरी-हळदीची फोडणी, मीठ, साखर घालून पूर्ण गार करून भरावेत. गरम असताना पिशवी बंद केली तर वाफ धरते आणि वास येतो. एका माणसाला एक वाटी. तळ्याकाठी तितकंच गरम पाणी, झाकण, पाच मिनिटं. वर जीरावन आणि वाचलेली शेव. थंडीत भांडं जाकिटात गुंडाळून ठेवलं नाही तर पोहे वरून वातड राहतात.

पातेलं तळ्यात विसळायचं नाही. साबण लावायचाच तर पाण्यापासून साठ मीटर लांब. त्यापेक्षा तळाशी चिकटलेल्या पोह्यांवर घोटभर गरम पाणी ओतून, ढवळून पिऊन टाकावं. जीरावनामुळे ते कोमट जलजिऱ्यासारखं लागतं.