करंजाच्या पानातली अळी: माझा अनुभव

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी मी करंजाची पानं पोखरणारी अळी घेतली. वर्गात बहुतेकांचे विषय मासे, कोळी, फुलपाखरं असे होते. पण सोलापुरात विजापूर रोड घ्या, होटगी रोड घ्या, करंज दिसतोच, आणि त्याच्या पानांवरचे पांढुरके फोड मी लहानपणापासून बघत आले होते. त्या फोडाच्या आत काय चालतं आणि जिल्ह्यात हे कुठे कुठे आहे, एवढंच मला शोधायचं होतं.

ही अळी पानाच्या आत राहते. मादी पतंग कोवळ्या पानावर अंडं घालते, अळी थेट पानात शिरते आणि कोषात जाईपर्यंत वरच्या पापुद्र्याखालीच जगते. ग्रॅसिलॅरिडी नावाच्या कुळातल्या अळ्यांची तर आणखी एक गंमत आहे. पहिल्या अवस्थांमध्ये अळी चपटी, बिनपायांची असते. जबडे पात्यांसारखे असतात, त्यांनी ती पेशी कापत जाते आणि नुसता रस पिते. पुढे कात टाकल्यावर तीच अळी गोलसर होते, तिला पाय येतात आणि ती पानाचा गर खाऊ लागते. म्हणून आधी एक बारीक रेघ दिसते आणि नंतर तिचा फोड होतो. पान उन्हासमोर धरलं की फोडाच्या एका कडेला विष्ठेचे काळे कण साठलेले दिसतात आणि दुसऱ्या कडेला डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत खाणारी अळी. पहिल्यांदा हे दहापट भिंगातून पाहिलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ तशीच उभी होते. टपरीवरच्या काकांनी विचारलं, "ताई, पाला कशाला तोडायलाव? खरजेला का?" करंजाचं तेल खरजेवर लावतात, त्यामुळे त्यांचा अंदाज बरोबरच होता. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनीही उन्हात धरून पाहिलं आणि पोराला हाक मारली.

सगळं काम पालवीच्या वेळेवर अवलंबून असतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास करंजाची पानं जून, चामड्यासारखी असतात. त्यांवर फक्त जुने, रिकामे फोड मिळतात. चैत्र पालवी फुटली की खरी धावपळ सुरू होते, आणि नेमका तेव्हाच सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तोडलेलं पान तासाभरात सुकायचं आणि आतली अळी मरायची. ओला कागद घालून पान झिपच्या पिशवीत ठेवलं तर बुरशी यायची. शेवटी देठ पाण्याच्या छोट्या बाटलीत, तोंडाला कापूस, वर मलमल बांधलेला डबा, आणि तो डबा आईच्या माठाखालच्या ओल्या वाळूवर. ही मांडणी टिकली. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणापेक्षा ती वाळू मला जास्त उपयोगी पडली.

डब्यातून पतंगच बाहेर येतील, हे गृहीत धरता येत नाही. कित्येक फोडांतून मुंगीहूनही लहान, हिरवट चमकणाऱ्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांची अळी पान पोखरणाऱ्या अळीला खाऊनच वाढते. मला वाईट वाटलं, पण प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, त्याही सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. कीड आटोक्यात कोण ठेवतं ते त्याच सांगतील." त्यानंतर रिकामे फोड वाचायला शिकले. पतंग निघाला असेल तर कोषाचं रिकामं टरफल फोडातून अर्धवट बाहेर आलेलं दिसतं. गांधीलमाशी निघाली असेल तर पापुद्र्याला कुरतडलेलं गोल भोक असतं. सुकलेल्या पानावरूनही आत कोण जगलं हे सांगता येतं.

याचा खरा उपयोग नकाशा करताना झाला. भीमेकाठी पंढरपूर, माचणूर, इकडे हिप्परगा तलावाची बाजू, अक्कलकोट, बार्शी, जिथे जाणं जमलं तिथली पानं पाहिली. माळढोक अभयारण्यातलं काहीच घेतलं नाही. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पान तोडता येत नाही आणि तेच योग्य आहे. एखाद्या ठिकाणी अळी "आहे" लिहिणं सोपं, "नाही" लिहिणं फार अवघड. झाडावर योग्य वयाची पानंच नसतील तर त्या "नाही"ला काही अर्थ राहत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे पालवीची अवस्था लिहिली. माझ्या मते जीवनचक्र माहीत नसताना केलेला प्रसाराचा नकाशा विश्वासाचा नसतो.

सुकलेलं पान वाचता येणं किती महत्त्वाचं आहे ते युरोपातल्या एका उदाहरणावरून कळतं. तिथे हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाची पानं पोखरणारी अळी 'कॅमेरारिया ओह्रिडेला' मॅसिडोनियातल्या ओह्रिड सरोवराजवळ सापडली आणि 1986 मध्ये नवी जात म्हणून तिचं वर्णन झालं. 2002 पर्यंत ती ब्रिटनमध्ये पोहोचली होती. ती मूळची कुठली यावर वाद होता. शेवटी संशोधकांनी वनस्पतिसंग्रहातली जुनी दाबलेली पानं तपासली, तेव्हा 1879 मध्ये ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानांतही तिच्या अळ्या मिळाल्या. पानं गोळा करणाऱ्याचं लक्ष झाडाकडे होतं, पण अळीची नोंद आपोआप झाली. आपल्या कागदी लिंबावरच्या नागअळीचं उलट झालं. तिचं वर्णन आधीच, 1856 मध्ये, कलकत्त्याच्या नमुन्यांवरून झालं, आणि 1993 मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडात पोहोचली.

जात ओळखणं मात्र अजून पुरतं झालेलं नाही. पंख पसरून जेमतेम काही मिलिमीटर भरणारा पतंग रंगावरून ओळखणं धोक्याचं असतं. जननेंद्रियांची स्लाइड करावी लागते. अशा बारीक पतंगांच्या असंख्य भारतीय जातींना नावं दिली ती इंग्लंडमध्ये बसून कीटकतज्ज्ञ एडवर्ड मेरिक यांनी, तीही बिहारमधलं पुसा वगैरे ठिकाणांहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. माझे नमुने कुळापर्यंत लागले आहेत, स्लाइडचं काम चालू आहे.

तुमच्या दारात करंज असेल तर चैत्रात कोवळी पानं उजेडाला धरून बघा. फोड दिसला तर ते पान वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि कडेला गावाचं नाव, तारीख आणि पान कोवळं होतं की जून, एवढं पेन्सिलीने लिहा. शाईने लिहू नका, ओल लागली की ती फुटते.