दिवसाचा दर

मंगळवार, रात्र

मागच्या वर्षी काँट्रॅक्टच्या कामासाठी मी माझा दर सांगितला, दिवसाला ४,५०० रुपये, आणि माझं वाक्य संपायच्या आत काम मिळवून देणारा एजंट म्हणाला, "डन मॅडम!" ते 'डन' मला वर्षभर टोचत राहिलं. इतक्या झटकन हो म्हणाला म्हणजे मी किती सोडून दिले असतील?

आज नव्या काँट्रॅक्टसाठी फोन आला तेव्हा कुर्ल्याला बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत होते. रांग सोडून वडापावच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले. एजंट नवीन, बंगळूरचा. पहिलाच प्रश्न, "मॅडम, करंट रेट क्या है?" यावेळी आकडा आधी आपण काढायचा नाही हे पक्कं होतं. म्हटलं, आधी तुमचं बजेट सांगा. तो हसला, थोडं कंपनीचं गुणगान झालं, मग म्हणाला पाच हजार. लगेच त्याचं गणितही आलं: बावीस दिवस, बारा महिने, वर्षाला १३ लाख २० हजार.

माझं गणित रविवारीच वहीच्या मागच्या पानावर झालं होतं. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सणवाराच्या सुट्ट्या १२. आजारपण आणि गावचा गणपती मिळून १५. एक काम संपून दुसरं लागेपर्यंत रिकामे जाणारे धरले २०. हातात राहिले २१४ दिवस. म्हणजे त्याच्याच पाच हजारांनी १० लाख ७० हजार. त्याच्या आणि माझ्या वर्षात अडीच लाखांचा फरक! शिवाय पीएफ नाही, मेडिक्लेमचा हप्ता आपला आपण, आणि टीडीएसचे १० टक्के आधीच कापलेले. रिफंड निघाला तर तो रिटर्न भरल्यावर, सरकारच्या सवडीने.

यातलं काहीच बोलले नाही. फक्त म्हटलं, सहा हजार. आणि गप्प बसले.

हे गप्प बसणं फार जड जातं. गाडीवाला कढईच्या काठावर झारा आपटत होता, तो प्रत्येक ठोका ऐकू येत होता. "साडेपाचलाही चालेल" हे अगदी ओठांवर आलेलं गिळलं. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. आमच्या घरात पगार ठरवणं हे कधी कुणा एकाचं कामच नव्हतं. करार युनियन करायची, फरकाचे पैसे आले की बाबा पेढे आणायचे. आपल्या कामाचा भाव आपल्याच तोंडाने सांगायचा हे मी कुठे बघितलंच नाही. बाजारात मेथीच्या जुडीवर घासाघीस करताना मला जराही लाज वाटत नाही, ते वेगळं.

"क्लायंट का बजेट फिक्स है मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट कीजिए ना." क्लायंट त्याला किती देतो हे तो मरेपर्यंत सांगणार नाही, मधला फरक त्याचाच. शेवटी ५,६०० वर आला. मी हो म्हटलं, पण एक श्वास घेऊन.

मग हळूच म्हणाला, पेमेंट साठ दिवसांनी. इथे मात्र माझा आवाज आपोआप चढला. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी आहे, आणि अशा व्यवसायांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पलीकडे जरा शांतता. "आप तो पूरा पढके आए हो." पंचेचाळीसवर ठरलं. तीस मागायला हवे होते हे आत्ता, ताट धुताना सुचतंय.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि विचारलं, "लेखी दिलंय का त्याने?"

मोबाईल उघडून पाहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा आहे, बस.

आत्ता पावणेअकराला मेल लिहून पाठवला. दर दिवसाला ५,६००, पेमेंट बिलापासून ४५ दिवसांत, मान्य असल्यास याच मेलवर उत्तर द्यावे. बाबा आतून विचारतायत, "गेलं का?"