आप्पांचं दुसरं पेट स्कॅन, माझा अनुभव

आमचे आप्पा चोपड्याकडे केळी करतात. लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर निघाला, नाशिकला किमो चालू आहे. किमोआधी एक पेट सीटी (शरीरात कॅन्सर कुठे, किती आहे ते दाखवणारं स्कॅन) झालं होतं, मधे दुसरं काढायला सांगितलं. आपल्याकडे लोक उपाशीपोटी जायचं एवढंच धरून जातात म्हणून सगळं लिहितोय, कारण दोन स्कॅन ताडून बघायचे असतात, दोन्ही वेळेस परिस्थिती सारखी पाहिजे.

रिपोर्टमधे एसयूव्ही म्हणून आकडा असतो. इंजेक्शनमधली किरणोत्सारी साखर गाठीने किती ओढली ते त्यावरून कळतं, पण तो आकडा डोस आणि पेशंटचं वजन धरून निघतो. आप्पा ६२ किलोवरून ५४ वर आलेले, जुन्या फाइलमधलं ६२ तसंच टाकलं असतं तर आकडा साधारण १५ टक्के फुगून आला असता! टेक्निशियन ताईंनी चपला काढायला लावून काट्यावर उभं केलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

आदल्या दिवशी मेहनतीचं काम बंद, नाहीतर साखर स्नायूच ओढतात. आप्पा मात्र रात्रीची थ्री फेज आली तसे मोटर चालू करायला निघाले, "काही व्हत नही" म्हणे, शेवटी लहान भाऊ गेला. त्यांना डायबेटीस आहे, सकाळी शुगर १३८ भरली. २०० च्या वर गेली तर बऱ्याच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, आणि ऐनवेळी इन्सुलिन घेऊन खाली आणायची नाही, त्यानेही साखर स्नायूंत जाते.

इंजेक्शनच्या वेळी मी नीट बघितलं. भरलेल्या सिरिंजमधला किरणोत्सार मोजला, टोचल्यावर रिकामीतला पण मोजला, उरलेलं वजा करायला. प्रत्येक वेळेस घड्याळ बघून टाइम लिहिला, कारण हे औषध ११० मिनिटांत निम्मं होतं. किमोने आप्पांच्या नसा खराब झाल्यात, म्हणून आधी सलाईन सोडून नस चालू आहे ना ते बघितलं. औषध नसेबाहेर गेलं तर हिशोबच चुकतो.

मागच्या वेळेस इंजेक्शननंतर ६५ मिनिटांनी मशीनवर घेतलं होतं, तो कागद मी दाखवला, यावेळी ६३ ला घेतलं, मशीन पण तेच. गाठ जसा वेळ जातो तशी ओढतच राहते, म्हणून हे महत्त्वाचं.

डॉक्टरांनी गाठ लिव्हरशी ताडून बघितली, डोव्हिल स्कोअर (लिम्फोमाचं पेट स्कॅन वाचायची १ ते ५ ची मोजपट्टी) ३, म्हणजे गाठीने ओढलेली साखर लिव्हरपेक्षा जास्त नाही. किमो तीच चालू ठेवली. जाताना जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसत्या रिपोर्टवर त्यांना चित्रं शेजारी लावून बघता येत नाहीत.